उलट्या हाताची परीक्षा

आळेफाट्याला चार वाटा भेटतात. पुणे-नाशिक रस्ता दक्षिणोत्तर जातो. माळशेज घाट चढून ओतूरवरून आलेला कल्याणचा रस्ता त्याला छेदून बेल्ह्याच्या अंगाने नगरकडे निघतो. चार वाटांच्या गावात असते ते सगळे इथे आहे: एसटीचा थांबा, चहाच्या टपऱ्या, कांद्याचा बाजार आणि मोटारी भरून देणारी दुकाने. मोटार 'भरणे' म्हणजे जळालेले वाइंडिंग उपसून काढायचे आणि खाचांमध्ये नवी तांब्याची तार बसवायची. अशा दुकानात जळक्या वार्निशचा वास कायम असतो. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात तेव्हा दारासमोर मोटारींची रांग लागते.

भरलेली मोटार चाचणीला लावली की मिस्त्री तिन्ही फेजचे अँपिअर बघतो, बेअरिंगचा आवाज ऐकतो आणि थोड्या वेळाने पंजाची मागची बाजू मोटारीच्या अंगाला टेकवतो. तळहात टेकवत नाही, उलटा हात टेकवतो. हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. विजेचा झटका बसला की बोटे आपोआप मिटतात. तळहात टेकवला असेल तर मूठ वळते आणि माणूस यंत्राला चिकटून राहतो. उलटा हात असेल तर मिटणारी बोटे यंत्रापासून दूर जातात. या एका सवयीत दोन परीक्षा उरकतात. अंगात करंट उतरलाय का आणि तापलीय किती, दोन्ही कळते. पहिल्या परीक्षेला ही रीत मुळीच योग्य नाही, त्यासाठी टेस्टर आणि अर्थिंग असते. पण सवय जुनी आहे. दुसऱ्या परीक्षेचा निकाल मिस्त्री मनात आकडे मोजून लावतो. पाच-सात मोजेपर्यंत हात टिकला तर ठीक, लगेच मागे आला तर काहीतरी बिघडले.

हात हे उष्णतेचे माप म्हणून विज्ञानानेही वापरलेले आहे, आणि तेही फार मोठ्या माणसाने. १७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उष्णतेच्या पायऱ्यांवर एक लॅटिन टिपण निनावी छापून आले. ते आयझॅक न्यूटनचे होते. त्याच्या कोष्टकात गोठणाऱ्या पाण्याला शून्य आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेला १२ दिलेले आहेत. त्याच्या वरच्या पायऱ्यांमध्ये कढत पाण्याची एक पायरी आहे: हात बुडवून सतत हलवत ठेवला तर माणसाला सोसवेल ते पाणी. वितळणारे शिसे आणि लालभडक कोळसे यांच्या रांगेत न्यूटनने माणसाचा हातही मापाला बसवला.

आपल्याकडच्या शेतात हा हात यंत्राला लागला तो तेलाच्या इंजिनापासून. मोटेच्या काळात तापत असे ते बैल आणि माणूस. मग विहिरीवर इंजिने आली. साताऱ्याचे कूपर आणि १९४६ नंतर पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने महाराष्ट्रभर पसरली. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणारी गरम पाण्याची धार हेच त्याचे तापमापक होते. धारेखाली हात धरायचा. सोसवत नसेल तर पाणी कमी पडतेय, नळी तुंबलीय किंवा इंजिनावर भार जास्त आहे. इथे हात फसत नसे, कारण पाणी उकळायला लागले की इंजिन खरोखरच संकटात असे. हाताची मर्यादा आणि यंत्राची मर्यादा योगायोगाने जवळजवळ होत्या. हाच योगायोग पुढे विजेच्या मोटारीत मोडला, आणि तो मोडला हे शेतावर कुणी येऊन सांगितले नाही.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीज आली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे. खेड्यांच्या शेतावर तारा पोचल्या त्या मुख्यतः महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात, म्हणजे २० जून १९६० नंतर. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल केल्या. पुढे कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. कालव्याच्या आसपास विहिरींना पाणी राहू लागले आणि मोटारींची संख्या वाढत गेली. जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटो, कांदा आणि उसामागे पाणी जेवढे आहे, तेवढीच ही तांब्याची तार आहे.

मोटारीला किती तापू द्यायचे हा प्रश्न मात्र शेतापासून फार लांब सुटला होता. १९१३ साली अमेरिकेतले दोन अभियंते, चार्ल्स स्टाइनमेट्झ आणि बी. जी. लॅम, यांनी विजेच्या यंत्रातील इन्सुलेशन आणि तापमान यांवर एक निबंध मांडला. मोटारीत आधी मरते ते इन्सुलेशन. तांबे शेकडो अंश सोसते, लोखंडही सोसते. त्यांच्यामधले सूत, कागद आणि वार्निश करपतात. म्हणून मर्यादा ठरवायची ती या पदार्थांची. त्यातून पुढे वर्ग रूढ झाले. 'ए' वर्गाच्या इन्सुलेशनला १०५ अंश सेल्सियस, 'ई'ला १२०, 'बी'ला १३०, 'एफ'ला १५५ आणि 'एच'ला १८०. १९३० साली मॉन्टसिंगर या ट्रान्सफॉर्मरच्या अभियंत्याने दाखवून दिले की तापमान साधारण ८ अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी हाच नियम दहा अंशांचा म्हणून पाठ करतात.

यात कुठेही हाताचा उल्लेख नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण 'ए' वर्गाच्या जुन्या, अवजड मोटारी आतून फार तापू शकत नसत, म्हणून बाहेरूनही फार तापत नसत. हात टिकला तर वाइंडिंग ठीक, हा अडाणी वाटणारा हिशेब त्या काळी बऱ्यापैकी खरा ठरत होता. मग इन्सुलेशन सुधारले. चांगले इन्सुलेशन म्हणजे जास्त ताप सोसणारे, आणि जास्त ताप सोसता येतो म्हणजे तेवढीच शक्ती कमी लोखंडात व कमी तांब्यात बसवता येते. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने १९६४ साली मोटारींच्या साच्यांची नवी मापे आणली तेव्हा हेच घडले: 'बी' वर्ग गृहीत धरून त्याच अश्वशक्तीची मोटार लहान झाली. आपल्याकडेही मोटारी हळूहळू त्याच दिशेने गेल्या. पूर्ण भारावर चालणाऱ्या धडधाकट मोटारीचे अंग आज ७०-८० अंशांवर असू शकते. तिला काही झालेले नसते. पण हात एक सेकंद टिकत नाही.

शेतकऱ्याने घेतलेली नवी मोटार जुनीपेक्षा जास्त 'तापते', म्हणून तो दुकानात परत घेऊन येतो. मिस्त्री त्याला समजावतो, आणि समजावता समजावता स्वतःही हात लावून बघतो.

आता हाताकडे वळू. हात किती सोसतो याची नेमकी मोजमापे ज्या वर्षी भारतीय मानक संस्था जन्माला आली त्याच वर्षी, १९४७ साली प्रसिद्ध झाली. संस्थेची स्थापना त्या वर्षीच्या जानेवारीत दिल्लीत झाली, आणि हार्वर्डमधल्या अ‍ॅलन मॉरिट्झ आणि एफ. सी. हेन्रिक्स यांचे भाजण्यावरचे निबंध अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजीत छापून आले. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. मॉरिट्झ हे मृत्यूची कारणे शोधणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ. महायुद्धाच्या काळात भाजण्याचा प्रश्न लष्कराच्या दृष्टीने मोठा झाला होता, तेव्हा हे काम उभे राहिले. त्यांनी डुकरे घेतली, कारण डुकराची कातडी माणसाच्या कातडीच्या बरीच जवळची असते. पुढे स्वयंसेवकही घेतले. कातडीला ठरलेल्या तापमानाचा स्पर्श ठरलेला वेळ द्यायचा आणि जखम होते का, केवढी होते ते पाहायचे, असा हा सरळ आणि थोडा क्रूर प्रयोग.

निकाल असा की तापमान हा एकच आकडा पुरत नाही. ४४ अंशांनाही कातडी भाजते. मात्र त्याला सहा तासांच्या आसपास वेळ लागतो. ४७ ला पाऊण तास पुरतो. ६० ला पाच सेकंद. ४४ ते ५१ या पट्ट्यात दर एक अंश वाढला की भाजायला लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. मॉन्टसिंगरच्या कागद-वार्निशला निम्मे व्हायला ८ अंश लागत होते, माणसाच्या कातडीला एकच पुरतो. यंत्र आणि माणूस यांच्यातला हा फरक मला त्या दोन्ही निबंधांमधला सगळ्यात बोलका वाटतो, जरी दोघांनी एकमेकांचे कधी वाचले असेल असे वाटत नाही.

पण यंत्राच्या कारखानदाराला याचा लगेच उपयोग नव्हता. त्याला विचारायचे होते: माझ्या उपकरणाचे झाकण ७० अंशांवर गेले तर चालेल का? उत्तर झाकण कशाचे आहे यावर अवलंबून असते. हे समजून घ्यायला फाट्यावरचा चहा पुरेसा आहे. तोच उकळता चहा काचेच्या ग्लासात मिळाला तर काठाला धरून पिता येतो. स्टीलच्या ग्लासात मिळाला तर शर्टाच्या टोकाने धरावा लागतो. धातू स्वतःची उष्णता झटक्यात बोटात ओततो आणि मागून आणखी आणून देतो. काच, चिनी माती, प्लास्टिक, लाकूड यांचे हात क्रमाक्रमाने आखडते होतात. चुलीवरच्या तव्याचा दांडा लाकडी का असतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्याचा आकडा ठाऊक नव्हता.

तो आकडा काढायला १९७० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात एल. ए. मार्झेटा यांनी एक रबरी बोट बनवले. सिलिकोन रबराचे टोक, ते आधी कातडीइतके गरम करून घ्यायचे, आत कातडीच्या वरच्या थराच्या खोलीवर तापमान टिपणारी बारीक तार, आणि मग ते बोट तव्यावर, हीटरवर किंवा इस्त्रीवर टेकवायचे. नुसता तापमापक टेकवला तर पृष्ठभागाचे तापमान कळते. हे बोट टेकवले तर बोटाला काय जाणवेल ते कळते. उलट्या हाताची जी परीक्षा मिस्त्री करतो, तीच, फक्त जखम न होता आणि दर वेळी तेच उत्तर देणारी.

युरोपने या सगळ्याला नियमाचे रूप दिले. जर्मनीतल्या झीकमन यांनी १९९० साली स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागांसाठी तापमानाच्या मर्यादा सुचवल्या. १९९४ साली यंत्रसुरक्षेचे युरोपीय मानक ईएन ५६३ आले. २००६ साली त्याची जागा आयएसओ १३७३२ च्या पहिल्या भागाने घेतली, आणि २०१० साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने विजेच्या उपकरणांसाठी मार्गदर्शिका ११७ काढली. त्यातले आकडे कोष्टकात पाहिले तर कोरडे, हात पुढे धरून वाचले तर वेगळे. उघड्या धातूला एक सेकंद हात लागला तर भाजण्याची सीमा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. दहा सेकंद लागला तर ५५. मिनिटभर धरला तर ५१. दहा मिनिटांना ४८. आठ तासांना ४३, आणि तिथे धातू, काच किंवा लाकूड असा भेद उरतच नाही. एवढा वेळ असला की लाकूडही आपली उष्णता पुरती देऊन टाकते.

या कोष्टकामागे एक प्रश्न आहे: हात लागेल कशाला? मुद्दाम धरलेल्या दांड्याला, की चुकून टेकलेल्या झाकणाला? चुकून टेकला तर माणूस लगेच हात काढतो, म्हणून सेकंदाची मर्यादा. पण लहान मूल, म्हातारे माणूस किंवा आधीच काहीतरी धरून उभा असलेला कामगार तेवढ्या चटकन हात काढत नाही. म्हणून घरात मुलांचा हात पोचेल अशा ओव्हनच्या दारांचा विचार युरोपात वेगळा होऊ लागला.

भारतात घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचे मानक आयएस ३०२, आंतरराष्ट्रीय मानक ६०३३५ च्या पावलावर चालणारे. त्या कुळातल्या कोष्टकात तापमान नव्हे, तापमानातली वाढ दिलेली असते. बटणासारखा जो भाग थोडा वेळच धरायचा, तो धातूचा असेल तर खोलीपेक्षा ३५ अंशांनी तापू शकतो, चिनी मातीचा असेल तर ४५ आणि प्लास्टिक किंवा लाकडाचा असेल तर ६०. सतत धरून ठेवायच्या दांड्यांना अनुक्रमे ३०, ४० आणि ५०. आणि हे सगळे साधारण २५ अंशांच्या खोलीत.

पंचवीस अंशांची खोली! मे महिन्यात दुपारी फाट्यावरच्या पत्र्याच्या दुकानात ही खोली शोधून दाखवावी. २५ वर ३५ चढवले तर ६० होतात. ४० वर चढवले तर ७५, आणि मॉरिट्झच्या हिशेबात हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानक लिहिणाऱ्यांना हे सुचले नव्हते असे नाही. उष्ण-दमट हवेच्या देशांसाठी एक पुरवणी आहे आणि तीत या मर्यादा १५ अंशांनी खाली आणलेल्या आहेत. पण ती पुरवणी बारमाही दमट देशांना नजरेसमोर ठेवून लिहिलेली. आळेफाट्याचा उन्हाळा कोरडा, पावसाळा माळशेजच्या ढगांचा, आणि हिवाळ्यात पहाटे शेकोटी. कोणत्या पुरवणीत बसायचे?

सरकारने सक्तीही केली. १९८१ च्या केंद्रीय आदेशाने घरगुती विद्युत उपकरणांवर गुणवत्तेचे बंधन आले, १९८७ पासून मानक संस्थेचे भारतीय मानक ब्यूरो झाले, आणि २००३ च्या आदेशात इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, गिझर अशा वस्तूंना ब्यूरोच्या चिन्हाशिवाय विकायला मनाई झाली. बाजारात गेल्यावर काय होते ते वेगळे. आठवडी बाजारात चादरीवर मांडलेल्या रॉडवर ते चिन्ह असतेच असे नाही. आणि रॉड चिन्हाचा असो की बिनचिन्हाचा, बादलीतले पाणी तापले का हे पाहायला घरोघर पहिल्यांदा काय जाते? बटण चालू असताना बोट. न्यूटनच्या कोष्टकातली तीच पायरी, २३० व्होल्टच्या सोबतीने.

घरातल्या वस्तूंना निदान पुस्तक तरी आहे. शेतातली मोटार दोन पुस्तकांच्या मध्ये उभी आहे. फिरत्या विद्युत यंत्रांचे मानक तिच्या वाइंडिंगला किती तापू द्यायचे ते सांगते, भोवतालची हवा ४० अंश धरते, पण तिच्या अंगाला हात लागला तर काय, याचा आकडा देत नाही. घरगुती उपकरणांचे मानक हातासाठी लिहिलेले आहे, पण विहिरीवरच्या मोठ्या मोटारीला ते लागू होत नाही. मानके वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. कारखान्यातली मोटार जाळीमागे असते, तिला कुणी चाचपत नाही, असे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे तिला रोज चाचपतात.

आणि चाचपायला कारण असते. तीन फेजपैकी एक गेला तरी चालू असलेली मोटार बंद पडत नाही. उरलेल्या दोन फेजवर कण्हत चालू राहते. तेव्हा तारेतून जाणारा प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास होतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. पाच-दहा मिनिटांत वार्निश धुरायला लागते. कमी दाबाची वीज हीच गोष्ट हळूहळू करते. चांगला ओव्हरलोड रिले आणि फेज गेल्यावर मोटार तोडणारे यंत्र हे टाळतात. पण रिले 'सारखा ट्रिप मारतो' म्हणून तो बाजूला काढून थेट जोडणी केलेले स्टार्टर या भागात कुणीही पाहिले असतील. मग मोटारीवर विश्वास ठेवायला हातच उरतो.

रात्रीच्या पाळीची वीज आली आणि हा हातही लांब गेला. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो हे आता बातमी राहिलेली नाही. दिवसा वीज द्या ही मागणी इथे झोपेसाठी जितकी आहे तितकीच जिवासाठी आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा 'ऑटो' स्टार्टरला बसवला की रात्री विहिरीवर जावे लागत नाही. सोय झाली, पण एक फेज गेल्यावर कुणी तिथे नसतो, कण्हणे ऐकायला किंवा उलटा हात लावायला. सकाळी जाऊन पाहावे तर पाणी नाही आणि मोटारीला तोच जळका वास.

बोअरवेलमधल्या सबमर्सिबल मोटारीला तर हात लागणारच नाही. ती दोनतीनशे फूट खाली, पाण्याने भरलेली, अंगावरून वाहणाऱ्या पाण्यावर थंड होणारी. तिथे हाताची जागा अँपिअर मीटरच्या काट्याने घेतली आहे. काटा नेहमीपेक्षा वर गेला की बोलणे तेच: 'मोटार तापतीय.' कुणीही तिला शिवलेले नसते.

फाट्यावरच्या दुकानांत आता लेझरचा लाल ठिपका टाकणारे, पिस्तुलासारखे दिसणारे तापमापक आले आहेत. मिस्त्री भरलेल्या मोटारीवर ठिपका धरतो. आकडा येतो ७१. तो स्टूलवर बसलेल्या शेतकऱ्याला दाखवतो, 'एफ' वर्गाची तार आहे, दीडशेपर्यंत काही होत नाही म्हणून सांगतो. शेतकरी मान डोलावतो, उठतो, पंजा उलटा करून मोटारीच्या अंगाला टेकवतो आणि चटका बसताच हात मागे घेतो.

'तापतीय की ओ, मिस्त्री.'